गुरुवारची लाईट

एक मे. सुट्टी. ऊन असं
की वायर सोडतानाच हाताला चटका.
नऊलाच टेम्पो लावला घोरपडीत,
रेल्वे फाटकाच्या अलीकडचा बंगला,
चिंचेखाली स्टेज, म्हणजे सहा टेबलं आणि वर सतरंजी.
मालक म्हणाले, सोल बँड आहे, बेस जपून.
म्हटलं साहेब, विसर्जनाला भिंती हलवतो मी.
जपून कसं करतात तेवढं सांगा.
जनरेटर? नको म्हणाले. दिवसाचा तर कार्यक्रम.

मे महिन्यात पुण्यात भरदुपारी कोण नाचतं?
एक ते चार इथं कावळेही शटर ओढून घेतात.
पण आले. फुलाफुलांचे शर्ट,
टाचा गवतात रुतणाऱ्या वानवडीच्या मुली,
रिटायर्ड गार्ड डगलस अंकल, खिशात अजून शिट्टी,
गोणपाटात बर्फाची लादी, घमेल्यात कलिंगड,
आणि एक बाळ, टबमध्ये, सगळ्यांत शहाणं.

थेल्मा गायकवाड गाणार होत्या.
पासष्टीच्या, पांढरे बूट, कपाळाला रुमाल.
माईक हातात घेऊन म्हणाल्या,
"निवृत्ती ना तू? माझा आवाज सुंदर करू नकोस.
नुसता पोचव."

पोचवत होतो.
इंग्रजी मला बेबी, प्लीज, होम एवढंच,
पण गाऱ्हाणं कुठल्याही भाषेत कळतं.
तरी खरं सांगतो, ऐकत नव्हतो.
वीस वर्षं गाणी ऐकलीच नाहीत मी,
सुई लाल घरात जाते का एवढंच पाहिलं.

तिसऱ्या गाण्यात, एका लांबलचक 'प्लीज'च्या ऐन मध्यावर
लाईट गेली.

गुरुवार.
पुण्यात शेंबडं पोर सांगेल गुरुवारी काय होतं.
यांनी सुट्टी बघितली, वार बघितला नाही.
ऑर्गन म्हणजे आता नुसतं कपाट.
सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले,
महावितरण माझ्या सासऱ्याचं असल्यासारखे.

थेल्माबाई थांबल्या नाहीत.
उरलेला अर्धा 'प्लीज' त्यांनी उघड्या गळ्यानं पुरा केला,
टेबलावरून उतरल्या, बूट काढले,
आणि गवतातून चालत गायला लागल्या.
मागचे पुढे आले. ड्रमवाल्यानं काठ्या ठेवून ब्रश घेतले.
सॅक्सोफोन चिंचेच्या बुंध्याला टेकून हळू हळू कण्हू लागला.
तेवढ्यात मालगाडी.
बाईंनी एकच सूर धरला, गाडी जाईपर्यंत सोडला नाही.
"अठ्ठावन्न डबे," अंकल म्हणाले, आणि डोळे पुसले.

मग टाळ्या.
आमच्या भजनात टाळी पडते पहिल्या ठोक्यावर,
यांची दुसऱ्यावर.
पहिला ठोका मोकळाच सोडतात,
आणि त्या मोकळ्या जागेत पाय पडतो.
हे मला सुईनं कधी दाखवलं नव्हतं.

माझा हात अजून बटणावर. फिरवायला काहीच नाही.
कलिंगड कापणाऱ्या रोझमेरी मावशी म्हणाल्या,
"लाईट नाही, मग तू इथं कोण?"
म्हटलं, कुणी नाही.
"मग चल."

नाचता कुठं येतं मला.
वायरवर पाय पडू नये म्हणून
जन्मभर टाकली तशीच पावलं टाकली,
अंदाज घेत, उचलून, बाजूला.
वानवडीच्या मुलींना वाटलं काहीतरी स्टाइल आहे.
दोघी-तिघी माझ्यामागे तशाच नाचायला लागल्या,
नसलेल्या वायरी ओलांडत.

साडेतीनला लाईट आली.
स्पीकर धप्प बोलला, ऑर्गन किंचाळला,
बाळ दचकलं.
मी धावत गेलो आणि मेन स्विच खाली ओढला.
बाईंनी गाता गाता बघितलं. भुवई तेवढी उडवली.

संध्याकाळी मालकांनी दोन तासांचे पैसे कापले.
मी काही बोललो नाही.
टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून
वायरी गुंडाळत राहिलो,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा,
दुसऱ्या ठोक्यावर.